फोटोची फाइल लहान होते तेव्हा नेमके काय जाते?

डिजिटल छायाचित्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तरात थोडे गणित आले आहे. पुढच्या उत्तरांना त्याचाच आधार असल्याने ते टाळता आले नाही.

प्रश्न : आमच्या घरातील १९६० नंतरचे कृष्णधवल फोटो आम्ही एका स्टुडिओतून स्कॅन करून घेतले. पेनड्राइव्हवर मिळालेल्या सर्व फाइली जेपीईजी आहेत. माझा भाचा सांगतो की, जेपीईजी फाइल प्रत्येक वेळी उघडली की तिचा दर्जा थोडा उतरतो, नक्कल केली की आणखी उतरतो. म्हणून सगळ्या फाइली पीएनजीमध्ये बदलून ठेवाव्यात. हे खरे आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : फाइल उघडून पाहिल्याने किंवा तिची नक्कल केल्याने दर्जा तिळमात्रही उतरत नाही. कॅसेटवरून कॅसेट भरताना आवाज दर पिढीला बसत जाई, हा अनुभव घेतलेल्यांना डिजिटल नकलेबद्दलही तीच शंका यावी हे स्वाभाविक आहे; परंतु संगणक नक्कल करताना फाइलमधील आकडे जसेच्या तसे उतरवतो आणि शंभरावी नक्कल पहिलीइतकीच अस्सल असते. भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. जेपीईजी फाइल उघडून तिच्यात काही बदल केला आणि ती पुन्हा जेपीईजी म्हणून ‘सेव्ह’ केली, तर त्या क्षणी काही माहिती जाते, आणि ती कायमची जाते.

ती कशी जाते हे समजण्यासाठी एक साधा हिशेब पाहू. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या (म्हणजे बारीक ठिपक्यांच्या) फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट धरले, तर त्या फोटोला सुमारे ३६ एमबी जागा लागायला हवी. प्रत्यक्षात मोबाइल त्याच फोटोची ३ ते ५ एमबीची फाइल हाती देतो. उरलेला भाग काही अंशी हुशारीने लिहिल्यामुळे वाचलेला असतो, तर काही अंशी सरळ टाकून दिलेला असतो.

जेपीईजीचे मानक १९९२ साली मंजूर झाले. त्यात प्रथम प्रकाशमान आणि रंग वेगळे केले जातात. माणसाचा डोळा उजेड-अंधारातले बारकावे नीट टिपतो, पण रंगातील बारकाव्यांबाबत तो बराच ढिला असतो. म्हणून रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने, म्हणजे एक चतुर्थांश एवढीच ठेवली जाते. (आपले फोटो कृष्णधवल म्हणूनच स्कॅन केले असतील, तर या पायरीचा प्रश्नच येत नाही.) मग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे दुसऱ्या ६४ आकड्यांत रूपांतर करतात. त्यांतला पहिला आकडा त्या चौकोनाची सरासरी प्रकाशमानता सांगतो. बाकीचे ६३ आकडे त्या चौकोनात उजेडाची चढउतार किती ठळक आणि किती बारीक आहे ते सांगतात. या रूपांतराची पद्धत बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली. आज जगभर जी छायाचित्रे आणि चलच्चित्रे फिरतात, त्यांतील फार मोठा वाटा या एका लेखाच्या खांद्यावर उभा आहे, आणि तरीही ही नावे आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाहीत याचे आश्चर्य वाटते.

रंगाची कमी केलेली माहिती सोडली, तर इथपर्यंत काहीही हरवलेले नसते. हे रूपांतर उलट फिरवले की मूळ चौकोन परत मिळतो. मुख्य नुकसान होते ते पुढच्या पायरीवर. ६४ आकड्यांपैकी प्रत्येकाला एका ठरलेल्या तक्त्यातील संख्येने भागतात आणि भागाकार जवळच्या पूर्णांकात बसवतात. समजा, एखादा आकडा ३८ आहे आणि तक्त्यातील भाजक १६ आहे. भागाकार येतो २.३७५, फाइलमध्ये लिहिला जातो फक्त २. फोटो उघडताना २ गुणिले १६, म्हणजे ३२ मिळतात. मधले ६ कुठेही नोंदलेले नसतात आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते शोधून काढू शकत नाही. बारीक तपशील सांगणाऱ्या आकड्यांचे भाजक मोठे असतात, त्यामुळे त्यांतील बहुतेकांचे शून्य होते. शून्यांची लांबच लांब रांग थोडक्यात लिहिता येते, म्हणून फाइल लहान होते.

आता पुन्हा सेव्ह करण्याचे पाहू. तोच फोटो काहीही न बदलता त्याच तक्त्याने पुन्हा सेव्ह केला, तर ३२ ला १६ ने भागून नेमके २ येतात. नव्याने जाण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. भाजक बदलला, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा वेगळ्या दर्जावर सेव्ह केले, तर मात्र ३२ ला समजा १० ने भागून ३.२ येतात, त्याचे ३ होतात, आणि उघडताना ३० मिळतात. चुकीवर चूक चढते. याहून वाईट म्हणजे कडेचा भाग कापून सेव्ह करणे. कापल्यामुळे ८ गुणिले ८ चे चौकोन सरकतात, जुन्या चौकोनांच्या कडा नव्या चौकोनांच्या मधोमध येतात आणि सगळी गोळाबेरीज नव्याने होते. फोटो दहा जणांच्या हातांतून, दर वेळी थोडा कापून आणि थोडा उजळ करून फिरला की त्याच्यावर चौकड्या आणि डाग दिसू लागतात, ते यामुळे. फाइल जशीच्या तशी हातोहात पोहोचवल्यामुळे असे होत नाही.

तेव्हा पीएनजीत बदलण्याने आपला तोटा होणार नाही, पण लाभही होणार नाही. पीएनजी काही टाकत नाही हे खरे, परंतु जे आधीच गेले ते ती परत आणू शकत नाही. फाइल मात्र अनेक पटींनी फुगते. स्टुडिओने दिलेल्या जेपीईजी तशाच ठेवाव्यात, त्यांच्या दोन नकला दोन वेगळ्या घरी असाव्यात, आणि दुरुस्ती करायची असेल तर ती नेहमी वेगळ्या नावाच्या प्रतीवर करावी. मूळ कागदी फोटो हाताशी असतील, तर मात्र माझा आग्रह आहे की, त्यांतील सर्वांत मोलाचे काही फोटो निवडून ते ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) टिफ या काहीही न टाकणाऱ्या स्वरूपात, यंत्राची ‘शार्पन’ची सोय बंद ठेवून, पुन्हा स्कॅन करून घ्यावेत.

प्रश्न : एकाच कॅमेऱ्याने, एकाच दर्जावर काढलेल्या दोन फोटोंपैकी एक फाइल २ एमबीची आणि दुसरी ७ एमबीची का होते? लहान फाइलचा फोटो कमी प्रतीचा समजावा का? आणि सेव्ह करताना ‘क्वालिटी ८०’ असे येते, ते ८० टक्के असतात का?
— एक हौशी छायाचित्रकार, पुणे

उत्तर : धुक्यातल्या सिंहगडाच्या फोटोत आकाश आणि दरी मिळून चित्राचा बराचसा भाग सौम्य, जवळजवळ एकसारखा असतो, तिथे बारीक चढउतार नसल्याने वर सांगितलेल्या ६३ आकड्यांपैकी बहुतेक आपोआप शून्य होतात. वारीतल्या गर्दीचा फोटो घ्या, आणि प्रत्येक चौकोनात टोप्या, पताका, चेहरे, टाळ यांच्या कडा असतात; तिथे शून्ये कमी. दोन्ही फोटोंचा दर्जा एकच, फक्त सांगण्यासारखे किती आहे यात फरक. रात्री कमी उजेडात काढलेल्या फोटोची फाइलही पुष्कळदा मोठी निघते. कारण त्यात सेन्सरचे दाणेदार कण असतात आणि ते कण म्हणजे तपशील आहेत असे समजून कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करण्याची क्रिया, ते जपायला जाते. म्हणून फाइलच्या आकारावरून फोटोची प्रत ठरवू नये.

‘क्वालिटी ८०’ हे टक्के नव्हेत. फोटोचे ८० टक्के शिल्लक राहतात असा त्याचा अर्थ नाही, आणि हा आकडा जेपीईजीच्या मानकाने ठरवून दिलेलाही नाही. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ५० म्हणजे मानकात नमुना म्हणून दिलेला तक्ता. त्यातला प्रकाशमानाचा पहिला भाजक १६ आणि शेवटचा ९९ आहे. ७५ ला तेच भाजक निम्मे, म्हणजे ८ आणि ५० होतात. ९० ला ३ आणि २० वर येतात. फोटोशॉपमध्ये तर ० ते १२ अशी वेगळीच पट्टी आहे. दोन सॉफ्टवेअरमधील ‘८०’ची तुलना करण्यात त्यामुळे अर्थ नाही. १०० वरही पूर्णांकांत बसवण्याची क्रिया होतेच, तेव्हा १०० म्हणजे शून्य नुकसान हाही गैरसमज आहे. ९५ च्या पुढे फाइल भराभर वाढते आणि डोळ्याला काही जाणवत नाही.

एक गोष्ट जाता जाता. लग्नपत्रिका, फलक, ठळक लाल अक्षरे असलेले कोणतेही चित्र जेपीईजीत कमी दर्जावर ठेवले की, अक्षरांच्या कडेने लाली पसरते आणि आजूबाजूला किड्यांसारखे बारीक ठिपके दिसतात. रंगाची माहिती चतुर्थांश करण्याचा आणि तीव्र कडा थोड्याच आकड्यांत बसवण्याचा हा परिणाम आहे. अनुस्वार आणि नुक्त्यासारखे ठिपके सर्वांत आधी बिघडतात. अक्षरे असलेल्या चित्रासाठी, तसेच मोबाइलच्या स्क्रीनशॉटसाठी, पीएनजीच योग्य.

प्रश्न : शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. छापखान्याने ते ‘३०० डीपीआयचे नाहीत’ म्हणून परत केले. आम्ही एका सॉफ्टवेअरमध्ये ७२ चे ३०० केले, तरी ते नाही म्हणतात. आता काय करावे?
— स्मरणिका समितीचे एक सदस्य, चिपळूण

उत्तर : छापखान्याचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यांनी ते अर्धेच सांगितले. फाइलमध्ये लिहिलेला ७२ किंवा ३०० हा आकडा म्हणजे फक्त एक शेरा आहे. तो बदलल्याने एकही पिक्सेल वाढत नाही. पाहायचे ते फोटोची लांबी-रुंदी किती पिक्सेल आहे आणि कागदावर तो किती इंच छापायचा आहे, एवढेच. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आणते आणि शिवाय त्याचे पुन्हा जेपीईजी कॉम्प्रेशन करते. १६०० ला ३०० ने भागले की ५.३ इंच येतात. म्हणजे पाच इंच रुंदीचा फोटो आपण निर्धास्त छापू शकता. तोच फोटो ए४ आकाराच्या पूर्ण पानावर, ११.७ इंच उंचीला ताणला, तर इंचाला १३७ पिक्सेलच उरतात आणि चेहरे मऊ, अस्पष्ट दिसू लागतात. त्यामुळे सगळेच फोटो बाद करण्याची गरज नाही. कोणता फोटो कोणत्या आकारात जाणार ते ठरवा आणि मोठ्या आकारात जाणारे तेवढेच पुन्हा मागवा.

पुन्हा मागवताना पाठवणाऱ्यांना सांगावे की, फोटो ‘गॅलरी’तून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसे केल्यास फाइल बाइटमागे बाइट मूळ स्वरूपात पोहोचते. २०२३ पासून एचडीचा पर्यायही आहे आणि तो नेहमीच्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, पण त्यातही कॉम्प्रेशन होतेच. ईमेलने जोडून पाठवणे किंवा ड्राइव्हचा दुवा देणे हेही चालेल. एवढे मात्र पाहा की, पाठवणाऱ्याकडे असलेला फोटो त्याला स्वतःला एखाद्या गटातूनच आलेला असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवूनही काही साधत नाही. ज्याने फोटो काढला, त्याच्याच फोनपर्यंत जावे लागते.

समितीतील कोणीतरी आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, फोटो ‘एन्हान्स’ करणारे अ‍ॅप सुचवेल, म्हणून त्याविषयीही लिहितो. इमारत, मैदान, स्नेहसंमेलनाचा रंगमंच अशा फोटोंना त्याचा माफक उपयोग होतो. माणसांच्या चेहऱ्यांना ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास पिक्सेलच्या चेहऱ्यात पापण्यांची माहितीच नसते. अ‍ॅप इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या पापण्या तिथे बसवते. चेहरा रेखीव होतो, पण तो आपल्या सरांचा राहत नाही. दिवंगत शिक्षकांना आदरांजली वाहणाऱ्या पानावर असा चेहरा छापण्यापेक्षा मूळ धूसर फोटो दोन इंचांत छापणे अधिक प्रामाणिक ठरेल.

प्रश्न : भरती परीक्षेच्या ऑनलाइन अर्जात फोटो २० ते ५० केबीचाच हवा असतो. मोबाइलवरचा फोटो तेवढा लहान केला की चेहरा ओळखूच येत नाही. उपाय सांगावा.
— एक परीक्षार्थी, नांदेड

उत्तर : आपण पिक्सेल तितकेच ठेवून नुसता दर्जा खाली आणत आहात. ५० केबी म्हणजे, एका बाइटचे आठ बिट या हिशेबाने, सुमारे ४ लाख बिट. ते १ कोटी २० लाख पिक्सेलांत वाटले, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला एका बिटाचा तिसावा हिस्सा येतो. त्यात चेहरा टिकणार कसा? उलट, आधी खांद्यांपर्यंतचा भाग कापून घ्या, त्याचा आकार ४०० गुणिले ५०० पिक्सेल करा, आणि मग जेपीईजीत सेव्ह करा. आता पिक्सेल २ लाखच आहेत, प्रत्येकाला दोन बिट मिळतात, आणि ते भरपूर झाले. अर्जात लांबी-रुंदी दिली असेल, तर अर्थातच तीच पाळा. मागची भिंत साधी, एकरंगी असली तर फाइल आणखी सहज बसते. सहीसाठीही हीच रीत: पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करून कडेचा कोरा कागद घट्ट कापून टाका. हे काम मोबाइलच्या किंवा संगणकाच्या साध्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये होते. ‘केबी कमी करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर फोटो, सही आणि आधार कार्ड एकाच बैठकीत चढवणे मात्र टाळा.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड, सभासदांची नोंदवही आणि जमाखर्चाच्या वह्या आहेत. त्यांचे स्कॅनिंग करून पीडीएफ करण्याचे काम देत आहोत. कंत्राटदार म्हणतो, कृष्णधवल आणि ‘हाय कॉम्प्रेशन’ ठेवले तर सगळे एका पेनड्राइव्हवर मावेल. यात धोका आहे का? स्कॅनिंगनंतर जीर्ण वह्या रद्दीत द्याव्यात का?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, सोलापूर जिल्हा

उत्तर : धोका आहे, आणि तो फोटो धूसर होण्यापेक्षा गंभीर आहे. २०१३ साली जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्या असे लक्षात आले की, झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मालिकेतील यंत्राने केलेल्या इमारतीच्या नकाशाच्या प्रतीत खोल्यांची क्षेत्रफळे बदलली आहेत. मूळ नकाशात तीन खोल्यांचे आकडे १४.१३, २१.११ आणि १७.४२ होते, प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ आले होते. इतर कागदांवर ६ चे ८ झालेले आढळले. छपाई स्वच्छ, आकडा ठसठशीत, आणि चुकीचा. कारण होते जेबीआयजी-२ ही कॉम्प्रेशनची पद्धत. ती पानावरील अक्षरांचे तुकडे करते, एकसारखे दिसणारे तुकडे शोधते, त्यांतील एकच साठवते आणि बाकी सर्व ठिकाणी तोच चिकटवते. ‘एकसारखे’ ठरवण्याची कसोटी सैल पडली की ६ च्या जागी ८ बसतो. कंपनीने आरंभी हा दोष फक्त खालच्या दर्जावर असल्याचे सांगितले होते. तो वरच्या दर्जावरही येतो हे क्रीझेल यांनी दाखवल्यावर तिने ते मान्य करून दुरुस्ती प्रसृत केली. पुढे जर्मनीच्या माहिती-सुरक्षेच्या केंद्रीय कार्यालयाने, मूळ कागद नष्ट करून त्याच्या जागी स्कॅन ठेवायचा असेल तर ही पद्धत वापरू नये, असे आपल्या मार्गदर्शक सूचनांत बजावले.

जेपीईजीचे नुकसान निदान डोळ्याला दिसते. धूसर आकडा पाहिला की आपण थांबतो. इथे वाचणाऱ्याला शंका घेण्याचे कारणच उरत नाही. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांच्यात एखाद्या फटीचाच फरक असतो, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत शाई फुटली असेल तर तीही फट बुजलेली असते. अशा पानांवर नमुने जुळवणारी पद्धत वापरणे मला मुळीच सुरक्षित वाटत नाही. जमाखर्चाच्या वह्यांत तर प्रत्येक आकडा महत्त्वाचा.

म्हणून कंत्राटात पुढील अटी घालाव्यात. स्कॅनिंग ३०० डीपीआयला, करड्या छटांत करावे. शाई फिकी झालेल्या हस्तलिखित वह्यांसाठी रंगीत करावे, कारण पिवळ्या कागदावरील जांभळट शाई रंगातच वेगळी ओळखू येते. स्कॅनच्या मूळ फाइली काहीही न टाकणाऱ्या स्वरूपात, म्हणजे टिफ किंवा पीएनजीत, वाचनालयाकडे सुपूर्द कराव्यात. वाचकांसाठीच्या पीडीएफ त्यांवरून मध्यम दर्जाच्या जेपीईजीने वेगळ्या कराव्यात. कुठे निव्वळ कृष्णधवल, म्हणजे मधल्या करड्या छटा नसलेले, ठेवायचेच असेल, तर फॅक्सच्या काळापासून चालत आलेली ग्रुप ४ ही पद्धत मागावी. ती काही गाळत नाही आणि काही बदलतही नाही.

जागेची चिंता कंत्राटदार दाखवतो तेवढी मोठी नाही. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेलचे होते. करड्या छटांत, कोणतेही कॉम्प्रेशन न करता ८.७ एमबी. ४०० पानांचा खंड साडेतीन जीबीचा, आणि असे शंभर खंड साडेतीनशे जीबीत बसतात. १ टीबीच्या एका हार्ड डिस्कमध्ये हे मावते. अशा दोन डिस्क घेऊन एक वाचनालयाबाहेर ठेवावी.

वह्या रद्दीत देऊ नयेत. काम ताब्यात घेताना प्रत्येक वहीतील काही पाने, विशेषतः बेरजांची पाने, मुळाशी ताडून पाहावीत आणि ज्या वहीत एकही आकडा बदललेला सापडेल, ती संपूर्ण वही पुन्हा स्कॅन करून घेण्याची अट देयकाशी जोडावी.